वाळूचे ट्रक आणि संताचा हॉर्न

एवारिस्तो मामाचा प्रश्न एका ओळीचा होता. "पोरी, जुलैत गॅस मिळणार की नाही, तेवढं सांग."

मी आन्येलोत राहते; चिलीच्या सीमेच्या अलीकडचं हे तेल-गॅसचं गाव. गॅसची विहीर खोदताना खालून दगडाचा जो चुरा वर येतो तो धुवायचा, भिंगाखाली धरायचा आणि आपण आता कुठल्या थरात आहोत ते खोदणाऱ्यांना सांगायचं, हे माझं काम. भूगर्भशास्त्राची पदवी हातात पडून वर्षही झालं नव्हतं. पण मामाच्या लेखी मी गॅसच्या उंबरठ्यावरच बसलेली होते, तेव्हा आत किती शिल्लक आहे हे मला दिसायलाच हवं होतं.

"मामा, मी दगड बघते. गॅस विकणारे वेगळे, नळ सोडणारे वेगळे."

"मग त्यांना विचार."

"ते मला कशाला सांगतील?"

"एवढी शिकलीस, आणि अजून कुणी सांगायची वाट बघतेस होय?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. तो असाच फोन ठेवतो.

प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याच्यामागे एक भट्टी होती. मामा काम करतो तो पोकळ विटांचा कारखाना कामगारांचा आहे. जुना मालक एका उन्हाळ्यात टाळं लावून निघून गेला, तेव्हा यांनी टाळं तोडलं आणि सहकारी मंडळ काढून काम चालू ठेवलं. भट्टी म्हणजे एक लांबलचक बोगदा. एका तोंडातून कच्च्या विटांच्या गाड्या रुळांवरून आत सरकतात आणि दुसऱ्या तोंडातून भाजून बाहेर येतात. मधला जाळ कधीच विझवत नाहीत. विझवायचाच तर आठवडाभर हळूहळू उतरवावा लागतो. एकदम विझला तर वरची अग्निविटांची कमान आकसते, तडकते आणि खाली येते. नवी कमान बांधायची मंडळाची ऐपत नव्हती. कमान गेली की कारखाना गेला, इतका सरळ मामला होता.

आणि त्यांचा गॅस स्वस्त होता तो एका अटीवर. थंडीत गॅस कमी पडला तर पहिला नळ त्यांचा बंद. घरं आणि इस्पितळं आधी, विटा शेवटी. आमचा हिवाळा जून-जुलैत; तेव्हा दक्षिणेकडून थंडीची लाट आली की सगळा देश एकदम हीटर पेटवतो. मग कारखान्याला फोन येतो: अमुक वेळेपासून बंद. तेवढ्या अवधीत चहा उकळतो, भट्टी उतरत नाही.

म्हणून जूनच्या पहिल्या शुक्रवारी त्यांची सभा होती. भट्टी आत्ताच हळूहळू थंड करून वसंतापर्यंत घरी बसायचं, की जाळ चालू ठेवून नशीब आजमावायचं? घरी बसलं तर जवान माणसं सफरचंदांच्या शीतगृहांत नाहीतर आमच्याकडे तेलावर कामाला जाणार आणि परत येणार नाहीत. चालू ठेवलं आणि नळ बंद झाला तर कमान जाणार. भट्टीची जबाबदारी मामाची होती, त्यामुळे सभेत पहिलं बोलणंही त्याचंच.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो मामासाठी कमी आणि प्रश्नासाठी जास्त, हे कबूल करते. जुलैचा गॅस एप्रिलमध्ये कुठे दिसतो?

वर्तमानपत्रं खोदकामाची यंत्रं मोजतात. अमुक इतके मनोरे उभे आहेत, मागच्या महिन्यापेक्षा कमी झाले, म्हणजे आता वाईट दिवस. पण खोदलेली विहीर म्हणजे गॅस नव्हे. आमचा खडक घट्ट आहे. विहीर खोदून झाली की तिच्यात प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू घुसवतात. पाण्याने खडकाला भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या भेगांमध्ये पाचर मारल्यासारखे बसतात, म्हणजे त्या पुन्हा मिटत नाहीत. गॅस येतो तो त्या भेगांतून. कित्येक विहिरी खोदून महिनोन्‌महिने तशाच पडून असतात. तेव्हा मनोरे मोजून जुलैचं सांगणं म्हणजे शेत नांगरलेलं बघून ताटातल्या भाकरी मोजणं. शिवाय जुन्या विहिरींचा जोर पहिल्याच वर्षात झपाट्याने उतरतो. त्यामुळे थंडीत किती गॅस असेल हे ठरतं आधीच्या दोन-तीन महिन्यांत किती विहिरींना भेगा पाडल्या यावर. आणि भेगांना वाळू लागते.

वाळू माझ्या खिडकीखालून जायची.

मी राहते ती खोली मोठ्या रस्त्याला लागून आहे आणि समोरच्या वळणावर गाउचितोचं ठाणं आहे. लाल झेंडे, लाल फिती, मेणबत्त्या, दारूच्या अर्ध्या बाटल्या. ट्रकवाल्यांचा हा लाडका संत. त्याच्यासमोरून जाताना हॉर्न वाजवून रामराम केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. गेला तर पुढच्या वळणावर टायर फुटतो म्हणतात. वाळूचे ट्रक देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या नदीकाठाहून येतात. एवढा प्रवास करून आलेला माणूस शेवटच्या वळणावर संताला कशाला नाराज करील? पहिल्या आठवड्यात या हॉर्नांनी माझी झोप उडवली होती. आता वाटलं, अरे, हे तर मोजमाप आहे, आणि तेही फुकट.

मी जुना फोन खिडकीत ठेवला आणि आवाज टिपायला लावला. त्यातून मोठ्या ट्रकांचे हॉर्न वेगळे काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जाताना एक, येताना एक, म्हणून निम्मे धरले. आठवडाभर खिडकीत बसून स्वतःही मोजलं आणि दोन्ही आकडे जुळवले. छान जुळले.

ठाण्यापाशी एर्मिंदा मावशी तळलेल्या पुऱ्या विकते. तोर्ता फ्रिता, मधोमध भोक पाडलेल्या, चरबीत तळलेल्या. झेंडे बदलणं, मेण खरवडणं हेही तीच करते. तिने मला खिडकीत बघितलं.

"काय गं, दिवसभर काय बघतेस? कुणी आवडलाय का ट्रकवाला?"

"हॉर्न मोजतेय मावशी."

"संताला किती रामराम झाले ते? अगं बाई! तो स्वतः मोजत नाही, आणि तू त्याची कारकून?"

"मला वाळू मोजायचीय."

"वाळू मोज नाहीतर तारे मोज, पण आधी खाली ये. गरम आहेत तोवर खा. अंगात काही नाही तुझ्या, वारा सुटला की उडून चिलीत पडशील."

एप्रिल संपला, मे लागला. हॉर्न हळूहळू वाढत होते. मी मामाला सांगितलं की लक्षण बरं दिसतंय. तो म्हणाला, "लक्षण डॉक्टरला सांग, मला आकडा सांग." मी म्हटलं, मेअखेर सांगते.

आणि मेच्या मध्यावर हॉर्न पडले. थोडेथोडके नाही, तीन भागांतला एकच उरला. एक दिवस वाट पाहिली, मग आठवडाभर. तसेच राहिले. फोन तपासला, प्रोग्रॅम तपासला, दोन्ही ठीक. वर्तमानपत्रांनी तर त्याच आठवड्यात मनोरे आणखी कमी झाल्याची बातमी मोठ्या अक्षरांत छापली होती. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की माणसाला फार शहाणं झाल्यासारखं वाटतं. मी फोन उचलला.

"मामा, वाळू थांबलीय. जुलैत ओढाताण होणार. भट्टी उतरवा."

"नक्की?"

"आकडे तेच सांगतायत."

"बरं. शुक्रवारी तसं मांडतो. बेनिग्नो माझा गळा धरेल, पण मांडतो."

बेनिग्नो मंडळाचा अध्यक्ष. जाळ विझवायचं नाव काढलं तरी तो सभेच्या टेबलावर मूठ आपटतो.

त्या दिवशी मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी त्या आकड्यांची रेघ पुन्हा पुन्हा बघत होते. ती उतरत नव्हती, तुटत होती. सोमवारी वर, मंगळवारी खाली, आणि मग सपाट. काम मंदावतं तेव्हा असं होत नाही. एक कंपनी थांबते, दुसरी आठवड्याने थांबते, कुणी हातातली विहीर पुरी करून मग थांबतं. उतार पडतो. एका दिवसात पायरी पडते तेव्हा माणसाने कुठेतरी काहीतरी हलवलेलं असतं. आणि उरलेला एक भाग? तो रोज जवळजवळ तेवढाच का? मंदी असती तर तोही हलला असता.

गुरुवारी मी खाली उतरले. मावशीची टोपली अर्धी भरलेली होती. दुपार होऊन गेली तरी.

"खप कमी झाला का मावशी?"

"कमी? माझे बारा वाजले. तो नवा रस्ता सुरू केला ना पठारावरून, तेव्हापासून. वजनकाट्यावरून थेट विहिरींकडे. इकडून कोण येतंय आता मरायला!"

"मग जे येतात ते?"

"ते नवसाचे गं. कुणाची बायको वाचली, कुणाचा ट्रक दरीत जाता जाता राहिला. त्यांना रस्ता लांब पडला तरी यावंच लागतं. बाकीचे तिकडून, लांबूनच टोपी काढतात, चोर लेकाचे."

म्हणजे दोन आठवडे मी वाळू मोजतच नव्हते. मी नवस मोजत होते. आणि नवस मंदीने कमी होत नाहीत, म्हणून ती रेघ सपाट. मला हसूच आलं. इतकं सुंदर स्पष्टीकरण मला कुठल्याही प्रयोगशाळेत मिळालं नव्हतं. मग शुक्रवार आठवला आणि हसू गेलं. दुसऱ्या दिवशीच सभा होती.

तेवढ्यात एक वाळूचा ट्रक ठाण्यापाशी थांबला. ग्रिसेल्दा उतरली. आरशाला लाल रुमाल बांधलेली ही बाई मला खिडकीतून ओळखीची झाली होती. तिने संतापुढे सिगारेट पेटवून ठेवली, कपाळाला बोटं लावली आणि मावशीकडे पुऱ्या मागितल्या.

"ताई, मला नव्या रस्त्याने न्याल? आत्ता?"

"कशाला? कुणापासून पळतेयस?"

"ट्रक मोजायचेत."

ग्रिसेल्दाने मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "ने बाई तिला. संताची कारकून आहे. चुकीचं मोजलंय म्हणून रडकुंडीला आलीय."

"चढ मग. पण केबिनमध्ये माते तू करायचा. साखर घातलीस तर रस्त्यात उतरवीन."

मी माते, म्हणजे आमचा नळीने ओढायचा पानांचा चहा, कडूच केला. पठारावर वारा इतका होता की खिडकीच्या फटीतूनही किटलीतली धार भांड्यात पडायच्या आधी वाकत होती. वजनकाट्याशी वाळूच्या ट्रकांची रांग लागली होती. रांगेचं दुसरं टोक धुळीत दिसत नव्हतं.

"ही रांग रोज असते?"

"रस्ता झाल्यापासून वाढलीय. पूर्वी वाळू उतरवायला आख्खा दिवस जायचा, आता अर्ध्या दिवसात मोकळे होतो, म्हणून खेपाही वाढल्यात." तिने बोट दाखवलं. "पुढे फाटा आहे. डावीकडे तेलवाले, उजवीकडे गॅसवाले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हॉर्न वाजवणारा कुठे चाललाय हे हॉर्न सांगत नाही. मी फाट्यावर उतरले. ग्रिसेल्दा म्हणाली, "इथे गोठून मेलीस तर तुझंही ठाणं बांधावं लागेल," आणि स्वतःचा जाड कोट माझ्या अंगावर टाकून गेली. अंधार पडेपर्यंत मी फाट्यावर उभी होते. बरेच ट्रक डावीकडे गेले, पण उजवीकडची रांगही तुटली नाही. मामाला भट्टी उतरवायला सांगण्याइतकी ती खासच कमी नव्हती. परतीच्या खेपेत ग्रिसेल्दाने मला उचललं तेव्हा माझी बोटं पेन धरत नव्हती. आकडे मी तिला तोंडी सांगितले आणि तिने ते गाण्यासारखे घोकत मला घरापर्यंत आणलं.

सकाळच्या बसने मी कारखान्यावर गेले. विटा वाळवायच्या शेडमध्ये सभा भरली होती. माणसं कच्च्या विटांच्या चळतींवर बसलेली, माते हातोहात फिरत होता. मामा उभा राहून खाकरत होता. मी दारातून म्हटलं, "मामा, थांब. माझं चुकलं."

"वा!" बेनिग्नो म्हणाला. "एवारिस्तोची भाची आली. आम्ही ऐकलं तू संताची गाऱ्हाणी मोजतेस म्हणून."

"गाऱ्हाणी नाही, हॉर्न. आणि तेही चुकीचे मोजले."

शेडमध्ये हसू पसरलं. मी सगळं सांगितलं. रस्ता, नवस, फाटा. कुणीतरी मागून विचारलं, "म्हणजे जुलैत गॅस आहे?"

"हिवाळाभर टंचाई होईल असं मला दिसत नाही. वाळू चाललीय, म्हणजे नव्या विहिरी लागतायत. पण मी एक दिवस मोजलंय, आणि एका दिवसावर मी पैज लावणार नाही. दुसरं असं की कडाक्याच्या थंडीत गॅसबरोबर येणारं पाणी नळांमध्ये बर्फासारखं घट्ट होतं. गॅस जमिनीत असतो, विहिरीतही असतो, पण तोंडाशी अडकतो. नेमकं तेव्हाच सगळे हीटर पेटवतात. तेव्हा नळ बंद होईल तर असाच. महिनाभर नाही, काही दिवस. कधी, ते सांगता येत नाही."

"हे काय उत्तर झालं?" बेनिग्नो म्हणाला. "हो नाही आणि नाही पण नाही."

मामाने मातेचा घोट घेतला, सावकाश. "उत्तर झालं की. आपण विचारत होतो हिवाळा कसा काढायचा. ही म्हणतेय हिवाळा नाही, चार दिवस काढायचेत. चार दिवस कमान गरम ठेवायला काय लागेल?"

बेनिग्नोच म्हणाला, जरा रागावल्यासारखा, "गॅस येण्याआधी आपण लाकडावरच भाजत होतो. बाजूची तोंडं विटांनी बुजवलीत. फोडली तर उघडतील."

"आणि लाकूड?"

"खालच्या वाडीतल्या सफरचंदाच्या बागा उपटून घरं बांधतायत. झाडं ढिगाने पडलीत. फुकट न्या म्हणतात."

मतदान झालं. जाळ ठेवायचा, तोंडं उघडायची, लाकूड रचायचं. हात वर करणाऱ्यांत मामाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. निघताना तो मला म्हणाला, "शुक्रवारी सकाळी आलीस ते ठीक. शनिवारी आली असतीस तर तुला त्या बोगद्यात घालून भाजली असती."

जुलैत लाट आली. आन्येलोत पाण्याच्या टाक्या फुटल्या आणि मावशीने झेंड्यांवरचा बर्फ काठीने झोडपून काढला. आमच्या विहिरीवर माणसं गोठलेल्या नळांवर वाफ सोडत होती. मी चुरा धूत होते, पण लक्ष फोनकडे होतं. मामाचा निरोप आला: "बंद केला." एवढाच.

पुढचे दिवस त्याने फोन उचलला नाही. मी त्याला छळलं नाही. वाळूची रांग फाट्यावर चालू होती, ग्रिसेल्दाने सांगितलं. गॅस होता. फक्त येत नव्हता. हे मी आधी सांगितलं होतं याचा मला काडीचा आनंद होत नव्हता.

वारा पडला, ऊन आलं, आणि एका दुपारी फोन वाजला.

"नळ सुटला," मामा म्हणाला. आवाज धुराने घोगरा झाला होता. "सगळी लाकडं संपली. शेवटी बेनिग्नोने सभेचं टेबल फोडून घातलं आत. म्हणाला, सभा उभ्याने घेऊ."

"कमान?"

"आता जाळ चढवतोय. तडकायची असेल तर आत्ताच तडकेल. ऐक."

त्याने फोन भट्टीकडे धरला असावा. आधी नुसती घरघर ऐकू आली, मग तिच्या आत एक खोल, सलग गुणगुण. अग्निवीट तडकते तेव्हा 'टक्‌' असा कोरडा आवाज होतो, हे त्यानेच मला लहानपणी शिकवलं होतं. मी कान फोनला चिकटवून त्या एका आवाजाची वाट बघत राहिले. गुणगुण वाढत गेली. दुसरं काही नाही. बराच वेळ दुसरं काहीच नाही.

"ऐकलंस?" मामाने विचारलं.

"काही नाही ऐकलं."

"तेच ऐकायचं होतं."

इतक्यात खिडकीखाली लांबलचक हॉर्न वाजला.

"हे काय गं?"

"ट्रक. संताला रामराम."

"भरलेला की रिकामा?"

मला माहीत नव्हतं; हॉर्न तेही सांगत नाही. मी फोन कानाशी धरूनच खिडकी उघडली आणि वाकून बघितलं.